पत्र्याचे दोन बिल्ले

आमच्या गावच्या दिगंबर गुरुजींनी मला फसवलं. मी शिरड शहापूरचा किसन हेडी. हेडी म्हणजे बैलांचा व्यापारी. जवळा बाजारच्या गुरांच्या बाजारात मी वीस वर्षं उभा आहे आणि तिथे मला आजवर कुणी बैलाच्या एका दातानेसुद्धा फसवू शकलेलं नाही. गुरुजींनी मात्र फसवलं, आणि तत्त्वज्ञान सांगून फसवलं. याला दहा वर्षं झाली. ते विसरले असतील. मी विसरलेलो नाही.

लिहायला बसण्याचं कारण हा समोरचा पिवळा कागद. परवा हिंगोलीहून येणाऱ्या मोटारीत वाटत होते. तिथल्या एका वाचनालयात होळीच्या आधी गुरुजींचं व्याख्यान आहे. विषय ठळक अक्षरांत छापलाय, 'आजच्या धकाधकीच्या जीवनात तत्त्वज्ञानाचे स्थान', आणि खाली बारीक अक्षरांत, 'सर्वांनी अवश्य यावे'. मी तो कागद दोनदा वाचला. वाचायला मला त्यांनीच शिकवलं, वयाच्या तिसाव्या वर्षी, मारुतीच्या पारापुढच्या धुळीत बोटाने अक्षरं काढून. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी मला कृतघ्न म्हणायला नको.

बाहेर सुगी चालू आहे. माघ सरत आला. ज्वारी खळ्यावर येऊन पडली आहे, हवेत कडब्याचा कोरडा गोडसर वास आहे, आणि करडईच्या रानातून चालत आलं की धोतराचा काठ काट्यांनी भरून येतो. बांधावरचा पळस पेटलाय. खळ्याच्या मधोमध लाकडाचा तिवडा रोवलेला आहे आणि त्याच्याभोवती कणसं तुडवत बैलांची पात फिरते आहे, तोंडाला मुसकी बांधून. ती पात बघून गुरुजी म्हणायचे, "किसन, पाहा. दिवसभर चालतो आणि संध्याकाळी जिथे होता तिथेच. माणसाचंही असंच आहे." तेव्हा मला ते फार खोल वाटायचं. आता वाटतं, त्यांनी बैलाला विचारायला हवं होतं. तो म्हणाला असता, मी होतो तिथेच आहे हे खरं, पण दिवसभरात तुमचं खळं तुडवून दिलं त्याचं काय?

दर सुगीला हा वास आला की माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात किसनला ऊन लागलं. ऊन नाही लागत मला.

गुरांच्या बाजाराची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. आमच्यात भाव तोंडाने होत नाही. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहतात, दोघांच्या हातांवर एक रुमाल टाकला जातो, आणि रुमालाखाली बोटं धरून भाव सांगितला जातो. एक बोट धरलं की इतके, दोन धरली की तितके, तळव्यावर दाबलं की अर्धा कमी. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी त्यांना काही कळत नाही. आणि हे चाललेलं असताना तोंड गप्प नसतं. तोंडाने निराळाच तमाशा चालू असतो.

"पाटील, ह्यो बैल न्हाई, वाघ हाय वाघ."

"व्हय का? मंग वाघाला कडबा काहून टाकून राहिला?"

"उपास हाय त्याचा आज."

लोक हसतात, आणि खाली बोटं आपलं काम करत असतात. तोंड लोकांसाठी आणि बोट खरं, एवढ्या एका नियमावर मी उभा राहिलो. माझा बाप दुसऱ्याची गुरं राखायचा. मी दुसऱ्याचे बैल हाकत बाजाराला न्यायचो, आणि रुमालाच्या हालचालीवरून आतलं ओळखायला शिकलो. खांदा किंचित खाली आला की बोट सुटलं. डोळा बाजूला गेला की माणूस कबूल झाला. शाळा एवढीच. तिच्या जोरावर घर बांधलं, गोठा बांधला, आणि शेवटी एक लाल कंधारी जोडी घेतली, विकायला नाही, स्वतःसाठी. डाळिंब्या आणि खंड्या. डाळिंब्याचा रंग पिकल्या डाळिंबाच्या सालीसारखा होता, उन्हात उभा राहिला की आतून दिवा लावल्यासारखा. बाजारातले हेडी म्हणायचे, "किसन, हात घाल रुमालाखाली, सांग भाव." मी म्हणायचो, "ह्या जोडीला रुमाल न्हाई." बापाच्या खांद्यावर आयुष्यभर दुसऱ्याची घोंगडी होती. त्याच्या लेकाच्या दावणीला स्वतःची जोडी होती. मला याहून मोठं काही व्हायचं नव्हतं.

मग अशा माणसाला तत्त्वज्ञान कशाला हवं होतं? रागासाठी. माझा राग वाईट. एकदा बाजारात एकाने माझ्या बैलाच्या शेपटीवर पाय दिला म्हणून मी त्याला चाबकाने असा झोडला की तीन माणसांनी मला धरलं. घरी आल्यावर माझी बायको गया भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, त्या गुरुजींपाशी जाऊन बसत जा जरा. डोकं थंड झालं तं झालं. न्हाई तर एक दिवस फासावर जासाल, अन् मी लेकरं घेऊन कुठं जाऊ?"

म्हणून गेलो. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, गोरेपान, बारीक आवाजाचे. रोज संध्याकाळी पारावर पोथी उघडून बसायचे. पाचसहा म्हातारे आणि एक मी. आपलं म्हणून जे धरलं तेच आपल्याला धरून ठेवतं, असं ते सांगायचे. राग हा पकडीतून येतो, मूठ उघडली की राग बसायला जागा राहत नाही, असं सांगायचे. आणि खरं सांगतो, उपयोग झाला. बाजारात डोकं तापलं की मी मूठ उघडायचो आणि श्वास सोडायचो. दोन वर्षांत चाबूक कुणावर उगारला नाही. गया म्हणायची, "गुरुजींनी माझं कुंकू राखलं." त्यांच्या घरी सणाला दूध, तूप, हरभऱ्याचे डहाळे मी स्वतः पोचवायचो. तेव्हा कुणी मला विचारलं असतं की तत्त्वज्ञानाचा रोजच्या जगण्यात काय उपयोग, तर मी माझी उघडी मूठ दाखवली असती.

एक चूक मात्र झाली. बाजारात मी कुणाचंही तोंड न ऐकता बोटांकडे बघायचो. पारावर मी फक्त ऐकलं. पारावरसुद्धा रुमाल असतो हे माझ्या ध्यानात आलं नाही.

त्या वर्षी अशाच सुगीत बुळकांडी आली, ढोरांची साथ. आधी पूर्णेच्या काठच्या गावांत असल्याची बातमी आली, मग शेजारच्या शिवारात. ढोराला आधी ताप भरतो, मग डोळ्यांतून धारा लागतात, तोंडात फोड येतात, खाणं सुटतं, आणि मग पाण्यासारखं ढाळायला लागतं. आठदहा दिवसांत खेळ खलास. सुगीत खळी भरलेली असायला हवीत, तर खळ्यांवर शुकशुकाट. गिधाडं एवढी झाली की त्यांना उडायचा कंटाळा यायला लागला. बायका वेशीवर नारळ फोडत होत्या, मरीआईचा गाडा शिवेबाहेर ढकलत होत्या. मी नारळही फोडला आणि कानही उघडे ठेवले. कानावर आलं की सरकारचा सलोतरी, म्हणजे ढोरांचा डाक्टर, बर्फाच्या पेटीत लस घेऊन जवळा बाजारला येतोय. ज्या जनावराला सुई टोचली ते वाचतं. पण आजार लागायच्या आधी टोचायला हवी.

मी तांबडं फुटायच्या आधीच जोडी घेऊन निघालो. जवळ्याला पोचलो तर बाजाराच्या मैदानात माणूस आणि ढोर यांचा चिखल झालेला. लस पन्नास जनावरांपुरती. शिपाई पत्र्याचे बिल्ले वाटत होता, ज्याच्या हाती बिल्ला त्याचं ढोर टोचायचं. कुणाला पुढे सरकवून, कुणाशी गोड बोलून, कुणाला कोपर मारून मी दोन बिल्ले मिळवले. सेहेचाळीस आणि सत्तेचाळीस. बिल्ला हातात घट्ट धरला तर त्याची कड तळव्यात रुतत होती. माझ्यामागे तीन बिल्ले होते आणि शेकड्यांनी जनावरं.

सलोतऱ्याला मराठी येत नव्हती, तेव्हाची सरकारी उर्दूच. म्हणून लोकांचं त्याला आणि त्याचं लोकांना सांगायला गुरुजी बसले होते, खुर्चीवर, सलोतऱ्याच्या शेजारी. मला हायसं वाटलं. आपला माणूस आहे.

माझ्या मागेच पारूबाई उभी होती, आमच्याच गावची, नवरा वारलेला. दावं धरून एक म्हैस. तिला बिल्ला मिळाला नव्हता. ती कुणाला उद्देशून नाही, नुसतीच बोलत होती, "एकच हाय. तीन लेकरं तिच्यावर हायत. एकच हाय."

चाळिसावं जनावर टोचून झालं तेव्हा गुरुजी खुर्चीवरून उठले आणि रांगेपाशी आले. पारूबाईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "किसनराव."

दोन वर्षांत त्यांनी मला कधी किसनराव म्हटलं नव्हतं. किसन म्हणायचे. बाजारात कुणी मला एकदम राव लावला असता तर मी आधी खिसा चाचपला असता.

"किसनराव, आज पोथी मिटायची वेळ आहे. इतके दिवस ऐकलंत ना? ज्याला सोडता येतं तोच खरा धनी. हे सांगायला पार पुरतो. करून दाखवायला अशी एखादी सकाळ लागते."

मी पारूबाईच्या म्हशीकडे बघितलं. मग म्हटलं, "एक बिल्ला देतो, गुरुजी. डाळिंब्याला तरी टोचू द्या."

गुरुजी हसले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "देण्यातही घासाघीस, किसनराव?"

भोवतीचे लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "हेडी तो हेडीच. जित्याची खोड." मी जन्मभर अभिमानाने केलेला धंदा मला त्या घटकेला शिवीसारखा लागला. कानशिलं तापली. आणि मी काय केलं? त्यांनीच शिकवलेलं केलं. मूठ उघडली. दोन्ही बिल्ले त्यांच्या हातावर ठेवले. तळव्यावर पत्र्याच्या कडेचे दोन लाल वळ उमटले होते.

"एक पारूबाईला द्या," मी म्हटलं. "दुसरा असाच कुणा गरिबाला."

"ते मी पाहतो," गुरुजी म्हणाले. "तू आता मागे वळून पाहू नकोस." किसनरावाचा परत किसन झाला होता. व्यवहार संपला की राव सुटतो, हेही मी बाजारात शंभरदा पाहिलेलं.

मागे न बघता जोडी घेऊन घरी आलो. आणि सांगायला लाज वाटते, पण येताना मी सुखात होतो. पळस असा फुलला होता, डाळिंब्याच्या गळ्यातली घाटी वाजत होती, आणि मला वाटत होतं की मी वाऱ्याने भरलोय. आयुष्यात पहिल्यांदा मी भाव न करता काही सोडलं होतं. सहा दिवस ते सुख टिकलं. गयाला सांगितलं तर तिने हातातली भाकर तव्यावर जरा जोरात आपटली. मग म्हणाली, "पारूला द्यायचा व्हता तं एक द्यायचा. तिला म्हैस किती? एक. तुमी दोन काहून दिले?"

"देण्यात घासाघीस करायची नसते."

"घ्यायच्या वक्ती करतेत, द्यायच्या वक्ती न्हाई, ही कुठली शाळा?"

सातव्या दिवशी डाळिंब्याने वैरण सोडली. बहुधा त्या रांगेतच, त्या गर्दीतच त्याला लागलं असावं. डोळ्यांतून धार लागली. गया ज्वारीची पेज करून बांबूच्या नळीने त्याच्या घशात सोडायची, आणि तो ती तशीच तोंडातून गळू द्यायचा, माझ्याकडे बघत. मी सलोतरी सापडतोय का बघायला जवळ्याला पळत गेलो. तो केव्हाच पुढच्या गावी गेला होता. परत येताना तळ्यावर देशमुखांची गुरं पाणी पीत होती. आमच्या भागातले सगळ्यात मोठे जमीनदार ते. त्यांच्या दोन दुभत्या गाईंच्या शिंगांवर काळा डांबराचा पट्टा होता. टोचलेल्या जनावराच्या शिंगावर सलोतरी डांबराचा पट्टा ओढायचा, खूण म्हणून.

मी गुरं राखणाऱ्या त्यांच्या म्हाताऱ्या राखोळ्याला विचारलं, "बाबा, ह्या कवा टोचल्या?"

"जवळ्याला की. त्याच दिशी."

"बिल्ले कुणी मिळवले?"

"तुमच्या गावचे ते गुरुजी न्हाईत का? त्येंनी आणून दिले. सेहेचाळीस, सत्तेचाळीस. मीच व्हतो गाई घेऊन." आणि वर म्हणाला, "लई पुण्यवान माणूस बघा."

तिथून मी पारूबाईकडे गेलो. तिची म्हैस आदल्या दिवशीच गेली होती. ओसरीवर बसलेली ती मला बघून म्हणाली, "दादा, तुमी तरी हटलात माझ्यासाठी. पण माझ्या नशिबातच नव्हतं. गुरुजी म्हणले, बिल्ला तुझ्या परारब्धात न्हाई." तिने मला दादा म्हटलं, आभारही मानले. त्यापेक्षा तिने चपलेने मारलं असतं तर बरं झालं असतं.

आणि मग गुरुजी. ते ओसरीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. शिव्या होत्या. चाबूक मी मुद्दाम घरी ठेवून गेलो होतो, म्हणजे गयाने ठेवून घेतला होता. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. अडकित्ता चालूच होता, कट, कट. मग शांतपणे म्हणाले, "तू ते सोडलं होतंस ना?"

"व्हय."

"सोडलं म्हणजे सोडलं. आता ते कुठे गेलं, कुणाला मिळालं, याची चौकशी करतोस याचा अर्थ काय? तू ते सोडलंच नव्हतंस. धरून ठेवूनच दिलंस. मग मी तुला काय फसवलं? तुझ्या मुठीनेच तुला फसवलं."

कट, कट.

मला उत्तर सुचलं नाही. त्यांच्या घरात मी दिलेल्या तुपाची बरणी कोनाड्यात दिसत होती. मी आलो तसा परत गेलो. तिसऱ्या दिवशी ऐन दुपारी डाळिंब्या गेला. महिन्याभरात गुरुजींचा मुलगा देशमुखांच्या शब्दाने सरकारी नोकरीला चिकटला. ही रुमालाखालची बोटं. पारावर आणि रांगेत जे चाललं ते तोंड होतं.

खंड्याला आजार झाला नाही. का, ते देवाला ठाऊक. तो अजून आहे, थकलाय, कामाला नाही. दहा वर्षं झाली तरी गोठ्यात डाव्या अंगाला एका बैलाची जागा सोडून उभा राहतो. मी त्याला मुद्दाम मधोमध बांधून बघितलं, तो सरकतो. गया म्हणते, "त्याला कुणी तत्त्वज्ञान शिकवलं न्हाई म्हणून त्याच्या ध्यानात हाय."

मी पोथीतलं सगळं खोटं आहे असं म्हणणार असं तुम्हाला वाटत असेल. तसं असतं तर किती सोपं झालं असतं. खोटं नाणं देऊन फसवणारे मी बाजारात पुष्कळ पाहिले. वाजवून बघितलं की कळतं. खरं नाणं देऊन फसवणारा हा एकच भेटला. डाळिंब्या गेला त्या दुपारी मी गोठ्यात बसलो होतो, मूठ आवळून, आणि कुऱ्हाड भिंतीला टेकलेली होती. गुरुजींच्या घरापर्यंत फार तर दोनशे पावलं. त्या वेळी मला कशाने थांबवलं? त्यांनीच शिकवलेल्या शब्दांनी. मूठ उघड, श्वास सोड. मी उघडली. त्या माणसाच्या शब्दांनी त्याच माणसाचा जीव वाचवला, आणि त्याला ते माहीतही नाही. तत्त्वज्ञानाचा रोजच्या जगण्यात उपयोग आहे का? आहे. गुरुजी, तुम्ही व्याख्यान द्यायला जिवंत आहात, हाच पुरावा.

ती दुपार गेल्यावर माझा माझ्याशीच एक सौदा झाला. त्याच्या आदल्या वर्षी मी डोंगरकडा गावच्या एका शेतकऱ्याला बसका बैल विकला होता. बसका म्हणजे औताला जुंपला की नांगराच्या तासात बसकण मारणारा. मला ते ठाऊक होतं. तो माणूस पुढच्या बाजारी तक्रार घेऊन आला, तेव्हा मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो होतो, "ज्याचं त्याचं प्राक्तन असतं, बाबा. बैल निमित्त." पारावर शिकलेलं वाक्य मी सफाईने वापरलं होतं. तो बिचारा मान हलवून निघून गेला होता.

खळी संपल्यावर मी माझ्या दावणीचा एक चांगला बैल सोडला आणि दीड दिवस चालत डोंगरकड्याला गेलो. तो माणूस अंगणात दोर वळत होता. मी म्हटलं, "ह्यो घे. त्यो बसका दे."

त्याने आधी बैलाचे दात बघितले, मग खुर, मग माझं तोंड. "काहून? देव भेटला का काय तुला?"

"न्हाई," मी म्हटलं. "गुरुजी भेटले."

त्याला काही कळलं नाही. पण त्याने बसका सोडून दिला, आणि बायकोला हाक मारून म्हणाला, "एक भाकर जास्तीची टाक." जेवताना आम्ही प्राक्तनावर एक अक्षर बोललो नाही.

तेव्हापासून मी एक गोष्ट बघत आलोय. प्राक्तन, मोह, माया, हे शब्द कोण कुणाला सांगतं? कोरड्या पायाचा माणूस पाण्यात उभ्या असलेल्याला सांगतो. ज्याच्या हाती बिल्ला आला तो ज्याच्या हातून गेला त्याला सांगतो. उलट्या दिशेने हे शब्द जाताना मी पाहिलेले नाहीत. देशमुखांना कुणी म्हणालं नाही, "देशमुख, तुमच्या वीस गाई आहेत, दोन सोडा. सोडता येतं तोच धनी." मारुतीच्या पारावर देशमुख कधी ऐकायलाच येत नसत. त्यांना गरज नव्हती.

आणि कागदावर म्हणतात त्या आजच्या जीवनाबद्दल सांगतो. गुरुजींनी पुस्तकातून काय शोधलं ते मला माहीत नाही. मला विचाराल तर आजच्या जीवनाची खूण रांग आहे. जगाची मोठी लढाई आली आणि रांगा आल्या. राकेलला रांग, साखरेला रांग, लुगड्याच्या कापडाला रांग. लढाई संपली, रांग तशीच आहे. आधी असं नव्हतं. आधी मोठ्याचं आधी आणि लहानाचं मागाहून, आणि कुणी काही बोलत नसे, कारण बोलून उपयोग नसे. नव्या काळाने आम्हाला पत्र्याचा बिल्ला दिला. गुराख्याचा पोर सेहेचाळीस आणि देशमुखाला बिल्लाच नाही, असं माझ्या बापाच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. आणि तो बिल्ला माझ्या हातात आला त्याच सकाळी, जुन्या पोथीतलं वाक्य येऊन तो काढून घेऊन गेलं. जबरदस्तीने काढला असता तर मी भांडलो असतो, चाबूक होता माझ्याकडे. माझ्याच हाताने मला उघडायला लावलं. म्हणून मी म्हणतो, या नव्या काळात तत्त्वज्ञानाची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे, आणि ते सांगणाऱ्याच्या हाताकडे बघायचीही.

गया म्हणते, "आता जाऊ द्या ना. दहा वरसं झाली. माणूस म्हातारा झाला." मीही म्हातारा होत चाललोय. तिच्या म्हणण्यात खोट नाही, म्हणून मी दोन दिवस विचार केला. जाऊ दिलं तर काय होईल? हिंगोलीच्या वाचनालयात चांगले शिकलेले लोक बसतील, टाळ्या वाजतील, आणि रांगेत उभा असलेला कुणीतरी दुसरा किसन ते ऐकून मूठ उघडेल. पारूबाईच्या लेकरांनी त्या वर्षी दूध पाहिलं नाही. थोरला पुढच्या पावसाळ्यात गेला. त्याला काय झालं होतं ते मला माहीत नाही आणि मी खोटा आरोप करणार नाही. पण पारूबाई अजून म्हणते की ते तिच्या प्रारब्धात होतं. तिला तसं सांगणारा माणूस आता हिंगोलीला जाऊन तत्त्वज्ञानाचं स्थान सांगणार आहे. मला ते स्थान दाखवायचंय. देशमुखांच्या गाईंच्या शिंगावर ते डांबराने ओढलेलं होतं.

मी व्याख्यानाला येणार आहे, गुरुजी. पारूबाईलाही घेऊन येणार आहे, ती नको म्हणत असली तरी. आम्ही पुढच्याच रांगेत बसू. खांद्यावर माझा रुमाल असेल, पण या वेळी तो कुणाच्या हातावर टाकणार नाही. बोटांनी सांगायचं ते आता तोंडाने सांगायचं, सगळ्यांसमोर, जसं तुम्ही मला त्या सकाळी सगळ्यांसमोर विचारलंत.

तुमच्या ओसरीवर तुम्ही विचारलं होतं, सोडलं होतंस ना, मग कुठे गेलं ते का विचारतोस? त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. दहा सुगी लागल्या ते सापडायला, आणि फार साधं आहे. मी सोडलं. पण ते जमिनीवर पडलं नाही, गुरुजी, तुमच्या हातावर पडलं. सोडणाऱ्याने विचारू नये हे मी एक वेळ मान्य करतो. मग जिच्यासाठी सोडलं ती विचारील. ती माझ्या शेजारी बसलेली असेल.

सोडल्याचा जाब मी डाळिंब्याच्या मरणाने दिला, आणि माझ्या स्वतःच्या लबाडीचा जाब डोंगरकड्याला चालत जाऊन दिला. उचलल्याचा जाब तुमच्याकडे आहे. सेहेचाळीस आणि सत्तेचाळीस. पारूबाईकडे बघा, आणि तिला सांगा ते दोन बिल्ले कुठे गेले.